नावाआधीचा क्रूस

अर्जदार : मी स्वतः. धंदा अर्जलेखन. बैठक परळ येथील एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, बदामाच्या झाडाखाली. राहणार लालबाग.

ज्यांच्याकरिता अर्ज : लोअर परळ येथील एका चाळीच्या तळमजल्यावर, पूर्वीच्या खाणावळीच्या खोलीत आयुष्य काढलेले दिवंगत बिशप. त्यांचे नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही. कारण पुढे येईल.

घटनेचा दिवस : मार्था हिच्या दफनाचा. गोकुळाष्टमीचा आदला दिवस.

साक्षीदार : एक, विल्सन, कुरियर कंपनीत नोकरी. दोन, सुरेश, वरील विल्सन याचा जोडीदार, प्रभादेवी येथे हारफुलांचा धंदा. तीन, सावंतवहिनी, खाणावळीच्या शेजारीण. तिघेही हयात असून बोलण्यास तयार आहेत.

तक्रारीचा विषय : एक सही.

माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे. हे मी लपवीत नाही, कारण त्यापुढचे शिक्षण मी अर्जांवर केले. पाणी, नळ, वारस, भाडेपावती, जातीचा दाखला, मयताचा दाखला, यांपैकी कोणत्याही विषयावर लालबाग-परळ विभागात लिहिला गेलेला बरा अर्ज बहुधा माझ्याच टेबलावरून उठला आहे. मोठमोठे पदवीधर माझ्यासमोर उभे राहून, "अहो, जरा तुमच्या भाषेत लिहून द्या ना," असे म्हणतात. बिशपही असेच एके दिवशी उभे राहिले. फरक इतकाच, की ते विनंती करण्यास आले नव्हते.

अंगात जांभळा झगा, कमरेला त्याच रंगाचा पट्टा, गळ्यात क्रूस, बोटात खड्याची अंगठी, आणि काखेत कापडी पिशवी, जिच्यातून सुक्या बांगड्याचे शेपूट बाहेर आलेले. मी उठून म्हणालो, "बसा, फादर."

"फादर नाय," ते म्हणाले. "बिशप."

मी म्हणालो, "बसा, बिशप."

मग बसले. त्यांना मोठ्या चर्चच्या मोठ्या बिशपना नाताळच्या शुभेच्छांचे पत्र पाठवायचे होते. माझ्या पद्धतीप्रमाणे मी वर 'सेवेशी' लिहिले आणि त्याखाली 'सविनय' असा शब्द घातला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ता खोड. 'प्रिय बंधू' लिव."

"साहेब, वरिष्ठांना असे लिहिण्याचा प्रघात नाही."

"वरिष्ठ कोण? तो बिशप, मी बिशप. मी तेच्यापरास ल्हान नाय आणि मोठोही नाय." नंतर माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तू खंयचो रे?"

मी सांगितले, की आमचे मूळ गाव कणकवलीकडे.

"मगे मालवणीत बोल मरे. पुस्तकातल्यासारखो कित्याक बोलतंस?"

आमच्या घरात मालवणीच बोलतात. परंतु टेबलावर बसल्यानंतर मी प्रमाणभाषेखेरीज बोलत नाही, आणि हे मी त्यांना प्रमाणभाषेतच सांगितले. ते मनमुराद हसले. मग पत्राखाली सही करताना त्यांनी आधी एक उभी रेघ ओढली, तिच्यावर एक आडवी रेघ ओढली, आणि त्यानंतर नाव लिहिले. मी विचारले, हा क्रूस कशाकरिता. तेव्हा मला समजले, की बिशप मनुष्य आपल्या नावाआधी क्रूस काढतो. पाद्री काढीत नाही, साधा ख्रिस्ती काढीत नाही, केवळ बिशप काढतो. माझ्यासमोर हजारो माणसांनी सह्या केल्या आहेत. अंगठे उमटवले आहेत. नावाआधी काही असलेली सही मी प्रथमच पाहत होतो.

त्या पत्राचे उत्तर आले नाही. पुढे दर नाताळाला आणि दर ईस्टरला ते येत, पत्र 'प्रिय बंधू'नेच सुरू होई, आणि उत्तर कधी येत नसे. मी एकदा सुचवले, की मायना बदलून पाहू. ते म्हणाले, "उत्तर येवक नाय म्हणून भाऊ काय भाऊ ऱ्हवत नाय?"

त्यांच्या चर्चविषयी खुलासा करणे आवश्यक आहे. ते कॅथलिकच. प्रार्थना तीच, पेला तोच, सणवार तेच. परंतु रोमच्या हुकमाखाली नाही. जगात अशी लहान लहान स्वतंत्र चर्चे पुष्कळ आहेत, असे त्यांच्याकडून कळले. "काय काय चर्चांची सगळी माणसा एका टॅक्सीत मावतत," असे ते स्वतःच सांगत आणि वर म्हणत, "आमका दोन टॅक्सी लागतत हां."

तरुणपणी ते मोठ्या चर्चच्या मठात पाद्री होण्यास शिकत होते. तेथून ते का परतले, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. त्यानंतर ते गिरणीत कापडाच्या घडीखात्यात लागले. गिरणी बंद झाल्यावर आईची खाणावळ चालवू लागले. पुढे गिरण्याच राहिल्या नाहीत, तेव्हा जेवणारेही राहिले नाहीत. अशा काळात कोणी एक परदेशी बिशप मुंबईस आला. तोही असाच, दोन टॅक्सींचा. गिरगावात फणसवाडीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत त्याने यांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि यांना बिशप केले. खाली सत्यनारायणाची पूजा चालू होती, भोंग्यावर आरत्या लागल्या होत्या, त्यामुळे लॅटिन मंत्र कोणास ऐकू आले नाहीत. "पण हात लागले," बिशप म्हणत. "शब्द नाय आयकले तरी चलतत. हात लागाक व्हये."

हातांची ही परंपरा त्यांना तोंडपाठ होती. माझ्या डोक्यावर याचे हात, याच्या डोक्यावर त्याचे, त्याच्या डोक्यावर त्याआधीच्याचे, अशी साखळी ते डोळे मिटून म्हणत जात. परदेशी नावे एकामागून एक येत, आणि अखेरीस समुद्रकाठच्या पीटरपाशी येऊन ते थांबत. "आणि तो पीटर कोण? आपलो रापणकार! जाळा ओढणारो. तेच्या हातांक बांगड्याचो वास येय असतलो." एवढे म्हणून ते स्वतःच्या हातांचा वास घेत.

लालबागच्या बाजारात ते संपूर्ण पोशाखात मासळी आणायला जात. टोपलीपुढे उभे राहिले, की सवयीने अंगठीचा हात पुढे करीत, कारण बिशपच्या अंगठीचे चुंबन घेण्याची रीत आहे. एक कोळीण त्यांना म्हणे, "पयले बोंबील घे रे पाद्री, मंग तुझ्या बोटाचा मुका घेते." ते निमूट बोंबील घेत. ती बाई हसतहसत त्यांच्या अंगठीला ओठ लावी आणि लावल्यानंतर, मी पाहिले आहे, पदर डोक्यावर ओढून घेई.

त्यांच्याकडे येणारी माणसे कोण, तर मोठ्या चर्चमध्ये ज्यांच्या शेजारचा मनुष्य बाकावर जरा सरकून बसतो, ती. पुरुषाबरोबर संसार करणारे पुरुष, बहिणी म्हणवून घेणाऱ्या, परंतु बहिणी नसलेल्या दोन नर्सबाया, आणि मार्था. खोलीत बाके नव्हतीच. आईच्या वेळच्या लांब चटया होत्या. प्रार्थनेला आलेली माणसे भिंतीला पाठ लावून, समोरासमोर, पंगतीला बसावे तशी बसत. ताटे ठेवायची जुनी कडाप्प्याची फळी हीच त्यांची वेदी. इतर चर्चमध्ये माणसे उठून रांग लावतात आणि पाद्री प्रत्येकाच्या जिभेवर ओस्ती, म्हणजे ती पांढरी पातळ पवित्र भाकर, ठेवतो. रांगेत आलेल्या एखाद्यास नको असेल तर तो देतही नाही. बिशप कोणास उठू देत नसत. स्वतः वाकून, आई भात वाढीत असे तसे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाढीत जात.

मी हिंदू मनुष्य. पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशी उभा होतो. ते म्हणाले, "उभो कित्याक? बस." मी बसलो. वाढत वाढत माझ्यापर्यंत आले, तेव्हा मी घाईघाईने सांगितले, की मी ख्रिस्ती नाही, लग्न एकच, पत्नी माहेरी नाही, सर्व काही व्यवस्थित आहे.

"मी इचारलंय?" ते म्हणाले. "आवशीचो नियम आसा. बसलो तो बसलो. आता वाढूचा."

मार्था तोंडावर पदर धरून हसत होती.

मार्था जन्मली तेव्हा मुलगा म्हणून तिचा बाप्तिस्मा झाला. ते नाव तिने टाकले, म्हणून मीही ते लिहीत नाही. शिवणकाम करीत असे. बिशपचा सणाचा झगा तिनेच शिवलेला. लालबागच्या एका मंडपवाल्याकडून उरलेले साटीन आणि जरीची किनार आणून. उंच टोपीच्या आत बकरम घालून तिने ती अशी ताठ उभी केली होती, की गणपतीत मंडळाची पोरे त्या टोपीला मखर म्हणत. मला ती "उपरोक्त" म्हणे. "काय हो उपरोक्त, आज कोणाकोणाला सादर केलंत?" असे मोठ्याने विचारी आणि सारी पंगत हसे. माझ्या पदाचा असा उपहास मी दुसऱ्या कोणाकडून सहन केला नसता.

विल्सन आणि सुरेश यांचे लग्न बिशपनी त्याच खोलीत लावले. कायद्याने त्याला अर्थ नाही, हे मी आधीच स्पष्ट केले होते. तरी चाळीतली निम्मी माणसे दारात जमली. सावंतवहिनी खणनारळाचे ताट घेऊन आल्या आणि गोंधळून उभ्या राहिल्या.

"पाद्रीबुवांनू, ह्या दोघांत व्हकल कोण ता सांगा. ओटी कोणाची भरूची?"

"दोघांची भर," बिशप म्हणाले.

"मगे नारळ दोन लागतले. आधी सांगूक काय झाला?" असे म्हणत त्या घरी जाऊन दुसरा नारळ घेऊन आल्या. त्या लग्नाचे चित्रण कोणीतरी मोबाईलवर केले आणि ते गावभर फिरले. मोठ्या चर्चपर्यंत गेले. त्याचा संबंध पुढे येतो.

मार्था आजारी पडली ती मूत्रपिंडाच्या विकाराने. शेवटच्या आठवड्यांत बिशप रोज तिच्या खोलीवर जात, पेज भरवत. तिने एकच गोष्ट मागितली. "मला आईकडे ठेवा. निळ्या फ्रॉकमध्ये. आणि वर मार्था लिहा. बाकी काही नको." तिच्या आईची कबर मोठ्या चर्चच्या दफनभूमीत होती. घराण्याची कबर, ती उघडायची तर घरच्यांची संमती आणि तिथल्या पाद्रींची परवानगी लागते. घरचे म्हणजे एक भाऊ, जो पुष्कळ काळ तिच्याशी बोलत नव्हता. बिशपनी तिला शब्द दिला. तिने तो माझ्यादेखत दोनदा वदवून घेतला.

ती सकाळी गेली. दुपारी आम्ही दोघे मोठ्या चर्चच्या कचेरीत गेलो. तिथले फादर तरुण होते. उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली.

"काका, बसा."

"बिशप म्हण."

"मी तुम्हाला काका म्हणू शकतो," फादर हळूच म्हणाले. "दुसरं काही म्हटलं तर मला वर उत्तर द्यावं लागतं."

भाऊ खिडकीशी उभा होता. आमच्याकडे न पाहता म्हणाला, "माझी ना नाही. आईजवळ जाऊ दे तिला... त्याला. पण हा माणूस झगा घालून कबरीवर उभा राहिला, की उद्या सगळ्यांच्या मोबाईलवर. माझ्या मुलीचं लग्न ठरतंय हो."

"बाबा, ती तुझी भयण," बिशप म्हणाले.

"माहीत आहे कोण ते."

फादरनी मधे हात केला. "काका, दफन मी करतो. प्रार्थना सगळ्या होतील, एकही गाळणार नाही."

"आणि फ्रॉक?"

"पेटी उघडून मी काही बघणार नाही."

"आणि नाव?"

"आमच्या दप्तरात बाप्तिस्म्याचंच नाव जाईल, ते माझ्या हातात नाही. कबरीवरच्या क्रूसावर काय लिहायचं, ते घरच्यांनी ठरवायचं."

सर्वांनी भावाकडे पाहिले. तो खिडकीपासून टेबलाकडे आला. मग म्हणाला, "लिहा मार्था. पण यांनी लिहून द्यायचं. बिशप नाही म्हणून. पाद्री नाही म्हणून. आणि त्या खोलीत यापुढे मिस्साची प्रार्थना होणार नाही म्हणून. तोंडी नको. लिहून."

मी फादरकडे पाहिले. ते टेबलावरच्या काचेकडे पाहत होते. वाईट मनुष्य नव्हता तो. हे मी शपथेवर सांगेन. लग्नाच्या त्या चित्रणाविषयी त्यांना वरिष्ठांकडून विचारणा झाली होती आणि त्यांनाही असा एक कागद हवाच होता.

"कागद काढ," बिशप मला म्हणाले.

मी त्यांना व्हरांड्यात नेले. माझ्या ज्ञानाचा उपयोग व्हावा, असा प्रसंग असेल तर तो हा होता. मी म्हणालो, "साहेब, लिहून देऊ. परंतु एक वाक्य घालू. 'माझे सर्व हक्क अबाधित राखून.' त्यांच्या ध्यानातही येणार नाही. उद्या आपण म्हणू शकतो, की हे दडपणाखाली लिहिले."

"ता नको."

"साहेब, सारे जग घालते."

"तिच्या पेटयेवर उभो ऱ्हवान लबाडी करू?" त्यांचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "लिवचा तर खरा लिवचा. माका तिका आवशीकडे पोचवूची आसा. बाकीचा देव बघतलो."

मी मसुदा केला. 'सेवेशी' लिहिले, 'सविनय' लिहिले. त्यांनी हात ठेवला नाही. फादरच्या टेबलावर कागद ठेवला. बिशपनी लेखणी घेतली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ती नावाच्या जागेआधी, जिथे क्रूस काढीत तिथे, टेकवली. टेकवून थांबले. मग लेखणी उचलून थोडी पुढे नेली आणि नुसते नाव लिहिले. नंतर बोटातली अंगठी ओढू लागले. ती निघेना, सांधे सुजलेले होते.

"राहू द्या, काका," फादर म्हणाले. "अंगठीचं काही लिहिलेलं नाही."

त्याच संध्याकाळी दफन झाले, तेव्हा ते विल्सनचा पांढरा शर्ट घालून आले होते. बाह्या लांब होत होत्या. त्या शर्टात ते इतके किरकोळ दिसत होते, की सावंतवहिनींनी मला विचारले, "पाद्रीबुवा खंय गेले?" आणि ते आमच्या शेजारीच उभे होते. फादरनी खरोखर एकही प्रार्थना गाळली नाही. अखेरीस घरच्यांनी माती घातली, आणि फादर मागे वळून म्हणाले, "काका, तुम्हीही घाला."

मी त्यांच्याकडे पाहत होतो. आयुष्यभर कोणी फादर म्हटले, पाद्रीबुवा म्हटले, काका म्हटले, की ते म्हणत, बिशप म्हण. चाळीतल्या लहान मुलालाही सोडत नसत. त्या दिवशी ते पुढे झाले, वाकले, मूठभर माती घातली आणि परत येऊन आमच्यामध्ये उभे राहिले. माझ्या मते ते त्याच क्षणी गेले. दाखल्यावर जी तारीख आहे ती पुष्कळ नंतरची आहे.

त्यानंतरच्या रविवारी माणसे नेहमीप्रमाणे जमली आणि चटयांवर बसली. त्यांना वाटत होते, कागदाचे काय, कागद होतच असतात. बिशप आतल्या बाजूने आले, साध्या लेंग्यात, आणि पंगतीच्या शेवटी, सुरेशच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून बसले. सर्व जण फळीकडे पाहत राहिले. फळीपाशी कोणीही नव्हते.

दारातून सावंतवहिनींनी डोकावले. "अगो बाय! पंगत बसली आणि वाढूक कोण नाय?" असे म्हणून त्या गेल्या आणि टोपभर चहा नि त्यात बुडवायला बटर घेऊन आल्या. एकेकाच्या हातात कप देत गेल्या. बिशपनी तो दोन्ही हातांनी घेतला.

पुढे दर रविवारी ते स्वतः भात-आमटी रांधू लागले. आईच्या पद्धतीची, कोकम घातलेली. वाढायचे तेच, वाकून. परंतु भात तो भात. आशीर्वाद नाही, मंत्र नाही. झगा आणि उंच टोपी ट्रंकेत. त्या नाताळाला ते माझ्या टेबलाकडे आले नाहीत. मी कागद काढून ठेवला होता.

विल्सन मात्र ऐकेना. तो बिशपकडे बायबल शिकत आला होता आणि पुढे-मागे त्याला पाद्री करण्याचे ठरले होते. "नका घालू झगा," तो म्हणायचा. "दार लावून घेऊ. फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवा. तुमच्यानंतर या लोकांना कोण आहे?"

"सही केलंय मी."

"त्या कागदाला कोण विचारतंय?"

"मी इचारतंय."

सुरेशने एकदा घाबरत विचारले, "मग आमचं लग्न?"

"तेव्हा लागला ता लागला. तेच्याक काय जावचा नाय." ते हसले, फार दिवसांनी. "पुढचा दुकान बंद."

मी स्वतः त्यांच्याशी वाद घातला. म्हणालो, एका कागदाने परंपरा तुटते कशी? पीटरपासूनचे हात, असे तुम्हीच म्हणता. ते म्हणाले, "आयक. शब्द कोणाक आयकाक येवक नाय तरी मी बिशप झालंय, कित्याक? रीत पुरी झाली म्हणून. मगे रीत पुरी करून सोडलंय, तर सुटलाच मा? एक खरा आणि एक खोटा, असा कसा चलात?" यावर मला उत्तर सुचले नाही. आजही पूर्ण सुचलेले नाही. म्हणून हा अर्ज.

त्यांचा अखेरचा आजार परळच्या इस्पितळात झाला. छातीत पाणी साचले होते. दुपारची वेळ, भेटीला आलेल्यांची वर्दळ. विल्सन, सुरेश आणि मी खाटेशी होतो. बिशप डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मी कान लावला तेव्हा ती परदेशी नावे होती, नेहमीच्या क्रमाने, रापणकार पीटरपर्यंत. विल्सन खाटेवर वाकला, त्यांचा उजवा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर घेतला. मग त्याने आपला हात काढून घेतला.

बिशपचा हात तसाच राहिला.

विल्सन सांगतो, की बोटे दाबली गेली. सुरेश म्हणतो, की त्याला हलली असे दिसले, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मला विचाराल तर हात तिथे होता आणि पुष्कळ वेळ होता. ठेवलेला होता की पडलेला होता, यावर साक्षीदारांचे एकमत नाही. मीही, एरवी प्रत्येक गोष्टीत ठाम असणारा मनुष्य, त्या बाबतीत शपथ घेऊ शकत नाही. परिचारिका आली, म्हणाली, "बाजूला व्हा, सलाईन निघेल," आणि तिने हात उचलून चादरीवर ठेवला.

त्याच दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. मिळणारच होती, कागदोपत्री ते साधे ख्रिस्ती होते, आणि दफन फादरनीच केले. तेव्हाही प्रार्थना एकही गाळली नाही. मार्थाची कबर चार पावलांवर आहे, तिच्यावर 'मार्था' असे लिहिलेले आहे. बिशपच्या कबरीवर विल्सन आणि सुरेश यांनी संगमरवराची पाटी बसवली. मजकूर आधी चर्चच्या कचेरीत दाखवावा लागतो. नाव मंजूर झाले. नावाआधीचा क्रूस मंजूर झाला नाही. पाटीवर वर मोठा क्रूस आहे. तो त्या दफनभूमीत सर्वांनाच आहे. पाथरवटाने आधीच्या मापाने आखणी केलेली असल्यामुळे नावाच्या डावीकडे एक मोकळी जागा राहिली आहे. पाहणाऱ्यास वाटते, नाव थोडे सरकले आहे.

याच कारणास्तव मी ते नाव वर लिहिले नाही. क्रूसावाचून लिहिले तर माझ्या हातून दुसऱ्यांदा तीच सही होईल. क्रूसासह लिहिण्याचा अधिकार मला नाही.

आता मागणी. अर्ज कोणाच्या नावे करावा, हे मला आयुष्यात प्रथमच कळेनासे झाले आहे. आजवर प्रत्येक दुःखाची कचेरी मला ठाऊक होती. फादरना विचारले, ते म्हणाले, "काकांचं मला वाईट वाटतं, पण हे माझ्या हातात नाही." कोणाच्या हातात आहे, ते त्यांनाही ठाऊक नाही. तेव्हा ज्या कोणाच्या अखत्यारीत हे येत असेल, मग तो इथला असो वा वरचा, त्याच्यासमोर मी पुढील गोष्टी ठेवतो.

उपरोक्त सही एका मृत बाईला तिच्या आईजवळ पोहोचवण्याकरिता घेतली गेली. दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता. हक्क राखून ठेवण्याची संधी असता, मेलेल्या माणसाच्या नावाने लबाडी नको, म्हणून ती सोडली गेली. जो मनुष्य इतका खरा वागला त्याचे पद त्या खरेपणामुळेच जावे, हे न्यायाला धरून नाही. शिवाय मूळ कागद कोणीही तपासावा. नावाच्या डावीकडे शाईचा एक ठिपका आहे. मी धंद्याने सह्या पाहणारा मनुष्य आहे. लेखणी टेकली तिथे रेघ सुरू झाली होती. ती त्यांनी मागे घेतली नाही. फक्त पुरी केली नाही.

सबब, ती सही रद्द समजण्यात यावी, आणि पाटीवरील मोकळ्या जागेत एक उभी रेघ व तिच्यावर एक आडवी रेघ काढण्याची परवानगी मिळावी. तसे झाल्यास इस्पितळातल्या त्या दुपारी विल्सनच्या डोक्यावर कोणाचा हात होता, हेही ठरेल, आणि त्याला फळीपाशी उभे राहता येईल. आज तो उभा राहत नाही. म्हणतो, उत्तर येऊ दे.

उत्तर बदामाच्या झाडाखाली माझ्या टेबलावर पाठवावे. रविवारी मी तिथे नसतो, खाणावळीत असतो. तेव्हा ते तिथे, चटईवर, आणून दिले तरी चालेल. आणणाऱ्यास कोणी काही विचारणार नाही. मला आता कोणी उपरोक्त म्हणत नाही. सावंतवहिनी चहा देतात. बाकी सर्व जण भिंतीला पाठ लावून फळीकडे पाहत आहेत.

उत्तर लवकर यावे, ही विनंती. पंगत बसलेली आहे.